पीडीएफ नुसतं उघडल्याने संगणकाला धोका होतो का? झेरॉक्स सेंटर आणि सोसायटीच्या मशीनसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं सेंटर आहे, शिवाय एका सौहार्द सोसायटीचे पाच-सहा संगणक तुमच्याकडेच बघायला आहेत. दोन मशीनवर विंडोज ७ आणि अ‍ॅडोबी रीडर ११ (पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम) आहे, बाकीच्यांवर विंडोज १०. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह आणतं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतं, तुम्ही ती उघडून प्रिंट काढून देता. नुसतं पीडीएफ उघडून खरंच काही होतं का, आणि होत असेल तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

होतं. आणि तुमच्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, जमिनीचे उतारे, पासबुकं आणि सोसायटीच्या सभासदांची खाती आहेत, म्हणून उत्तर जरा लांब झालं तरी नीट देतो.

पीडीएफ म्हणजे संगणकातला कागद, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती सूचनांची यादी असते आणि रीडर त्या सूचना एकामागून एक पाळत जातो. अ‍ॅडोबीने हा प्रकार १९९३ मध्ये आणला, २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि मधल्या वर्षांत त्यात एकेक गोष्ट भरत गेली: फॉन्ट, चार-पाच प्रकारची चित्रं, भरायचे फॉर्म, जावास्क्रिप्ट, फाइलच्या पोटात दुसरी फाइल, व्हिडिओ, त्रिमितीय आकृत्या, लिंक, आणि दुसरा प्रोग्रॅम सुरू करायची सूचनासुद्धा. यातल्या प्रत्येकासाठी रीडरमध्ये वेगळा वाचक-कोड आहे आणि तो बहुतेक सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला आहे. त्या भाषांत एका जागी लांबी तपासायची राहिली, की फाइलमधला मजकूर मेमरीत नेमलेल्या जागेबाहेर लिहिला जातो. तिथे काय लिहायचं हे फाइल बनवणारा ठरवतो.

म्हणून धोके दोन जातींचे आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिल्या जातीत फाइल अधिकृत सोयीच वापरते: लिंक, पोटातली फाइल, जावास्क्रिप्ट, प्रोग्रॅम सुरू करायची सूचना. इथे बहुतेक वेळा रीडर विचारतो आणि माणूस ‘हो’ म्हणतो. २०१० मध्ये हे जाहीरपणे दाखवलं गेलं. पीडीएफमधून प्रोग्रॅम सुरू करता येत होता, आणि अ‍ॅडोबीच्या इशाऱ्याच्या चौकटीतला काही मजकूरही फाइल बनवणाऱ्याला बदलता येत होता. त्या वेळी फॉक्सिट हा दुसऱ्या कंपनीचा रीडर तर इशाराही देत नव्हता. दुसऱ्या जातीत रीडरच्या कोडमधली चूक वापरली जाते. तिथे कुणी काही विचारत नाही, फाइल उघडली की काम झालं. कधी कधी उघडावीही लागत नाही.

हे शेवटचं वाक्य पटायला अवघड जातं, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. स्कॅन केलेलं काळं-पांढरं पान लहान करायची जेबीआयजी-२ नावाची पद्धत आहे. पानावर ‘क’ शंभर वेळा आला असेल, तर ती ‘क’चा आकार एकदाच साठवते आणि बाकी ठिकाणी ‘तोच आकार इथे ठेव’ एवढंच लिहिते. तुमच्या सेंटरमधल्या स्कॅनरमधून निघणाऱ्या पीडीएफमध्येही ती असू शकते. (याच पद्धतीतल्या ‘सारखे आकार एकच धरा’ या चलाखीमुळे २०१३ मध्ये काही झेरॉक्स कंपनीच्या मशीन स्कॅन करताना ६ चा ८ करतात असं उघड झालं. सर्व्हे नंबर आणि रकमा स्कॅन करणाऱ्यांनी कॉम्प्रेशन कमीत कमी ठेवावं ते एवढ्यासाठी.)

फेब्रुवारी २००९ मध्ये अ‍ॅडोबी रीडरच्या या भागात चूक असल्याचं जाहीर झालं, सीव्हीई-२००९-०६५८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या चुकीला दिलेला क्रमांक). तोपर्यंत हल्ले सुरू झाले होते आणि दुरुस्ती मार्चमध्ये आली. त्याच महिन्यात एका अभ्यासकाने दाखवलं, की रीडर न उघडता विंडोज एक्सप्लोररमध्ये फाइल नुसती निवडली किंवा लहान चित्रांच्या रूपात यादी बघितली तरी तोच कोड चालतो, कारण फाइलची माहिती आणि छोटं चित्र दाखवायला रीडरचाच तुकडा एक्सप्लोररमध्ये बसलेला असतो. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, आयफोनवर पुन्हा हीच पद्धत वापरली गेली, सीव्हीई-२०२१-३०८६०. मेसेजमधून आलेल्या फाइलचं नाव जीआयएफ होतं, पोटात पीडीएफ होतं. फोन नावाकडे बघत नाही, मजकूर बघून वाचक ठरवतो. आकारांची एकूण संख्या मोजणारा ३२ बिटांचा आकडा बेरजेत उलटून लहान झाला, तेवढीच लहान जागा राखली गेली आणि लिखाण तिच्या पलीकडे गेलं. मग ७०,००० हून जास्त सूचना रचून त्या चित्र उलगडणाऱ्या कोडच्याच आत एक छोटा संगणक उभा केला होता. मालकाने कुठेही बोट लावलं नव्हतं. पेगासस हा हेरगिरीचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या एनएसओ कंपनीचं ते काम होतं आणि अ‍ॅपलने १३ सप्टेंबर २०२१ ला आयओएस १४.८ मध्ये ते बंद केलं.

असलं महागडं हत्यार तुमच्या काउंटरवर कुणी वापरणार नाही. पण एखादी चूक दुरुस्त झाली, की ती नेमकी कुठे होती हे सगळ्यांना कळतं आणि जुन्या आवृत्तीवर ती वापरणं स्वस्त होत जातं. रीडर ११ ची शेवटची दुरुस्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये आली. त्यानंतर सापडलेली आणि त्या आवृत्तीतही असलेली प्रत्येक चूक तुमच्या दोन मशीनवर आजही तशीच उघडी आहे.

जुनी आवृत्ती आणि जुनं विंडोज एकत्र असलं की नुकसान कसं वाढतं, तेही बघा. अ‍ॅडोबीने नोव्हेंबर २०१० मध्ये रीडर १० सोबत सँडबॉक्स आणला, मेनूमध्ये त्याचं नाव ‘प्रोटेक्टेड मोड’. फाइल वाचणारा भाग एका कुंपणात चालतो, त्याला डिस्कवर हवं तिथे लिहिता येत नाही की प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. त्यामुळे हल्लेखोराला दोन चुका लागतात: एक आत शिरायला, दुसरी कुंपण ओलांडायला. फेब्रुवारी २०१३ मध्ये अशी जोडी पहिल्यांदा प्रत्यक्ष हल्ल्यात दिसली. २०१८ मध्ये सापडलेल्या जोडीत पहिली चूक रीडरच्या जेपेग-२००० वाचकात होती आणि दुसरी विंडोजच्या गाभ्यात, सीव्हीई-२०१८-८१२०. ही दुसरी चूक विंडोज ७ आणि त्याच पिढीच्या सर्व्हरवर होती, विंडोज १० वर नव्हती. म्हणजे तीच फाइल तुमच्या एका मशीनवर कुंपणात अडकली असती आणि शेजारच्या मशीनवर सोसायटीच्या लेजरपर्यंत पोचली असती.

विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला संपली. क्रोमही त्यावर १०९ व्या आवृत्तीला थांबला, त्यामुळे ‘रीडर नको, क्रोममध्ये उघडतो’ ही पळवाट तिथे उरत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराच्या मशीनला नावनोंदणी केली तर सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. विंडोज ७ ची दोन मशीन इंटरनेट, पेन ड्राइव्ह आणि सोसायटीच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडा. जुना टायपिंगचा प्रोग्रॅम किंवा जुन्या फॉन्टचं पेजमेकरचं काम त्यांच्यावर अडलं असेल तर तेवढ्यापुरती ठेवा. बाहेरची फाइल त्यांच्यावर उघडायची नाही.

आता बाकीच्या मशीन. आधी हेल्प मेनूतून आवृत्ती बघा. आजच्या रीडरमध्ये आवृत्तीचा पहिला आकडा वर्षाचा असतो, २३ म्हणजे २०२३. तिथे ११, १५, १७ असं काही दिसलं तर ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’मधून काढून टाका आणि अ‍ॅडोबीच्या साइटवरून नवीन घ्या. मित्राच्या पेन ड्राइव्हवरचा ‘फुल व्हर्जन’ अ‍ॅक्रोबॅट घेऊ नका. क्रॅक टिकावा म्हणून त्यात अपडेट मुद्दाम बंद केलेलं असतं. त्याच यादीत फॉक्सिट, नायट्रो, डब्ल्यूपीएस असे विसरलेले रीडर सापडतील. रोज लागत नसेल ते काढा. न वापरलेला रीडरही एक्सप्लोररमध्ये आपला तुकडा बसवून असतो आणि त्याचं अपडेट कुणी बघत नाही.

मशीन हळू चालतं म्हणून स्टार्टअपमधल्या गोष्टी बंद करायची सवय सगळ्यांना असते. त्यात ‘अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट अपडेट सर्व्हिस’ आणि टास्क शेड्युलरमधलं तिचं काम हमखास बंद पडतं. दोन्ही परत चालू करा. क्रोमची अडचण वेगळी आहे. अपडेट आपोआप उतरतं, पण क्रोम बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही. सेंटरमध्ये सकाळी उघडलेला क्रोम आठ-आठ दिवस तसाच असतो. रोज रात्री शटर ओढण्याआधी ब्राउझर बंद करायचा, एवढा नियम पुरतो.

रोजच्या प्रिंटसाठी माझं मत स्पष्ट आहे: काउंटरवर पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडा. क्रोमचा सँडबॉक्स मजबूत आहे आणि दुरुस्ती लवकर येते. फायरफॉक्सचा वाचक तर जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे मेमरीबाहेर लिहिण्याच्या चुका त्यात सहसा होत नाहीत. तोही निर्दोष नाही. मे २०२४ मध्ये फॉन्ट रंगवण्याच्या जागी फाइलमधला कोड चालवता येईल अशी चूक त्यात सापडली आणि १२६ व्या आवृत्तीत दुरुस्त झाली. सुमात्रा हा छोटा रीडर बरेच जण सुचवतात. तो जावास्क्रिप्ट चालवत नाही ही जमेची बाजू, पण त्याला ब्राउझरसारखं कुंपण नाही. अनोळखी लोकांच्या फाइली दिवसभर उघडायच्या असतील तर मी ब्राउझर निवडेन.

अ‍ॅडोबी रीडर मग फक्त दोन कामांना लागतो: डिजिटल सही तपासायला, आणि ‘कृपया थांबा’ एवढंच दाखवून बहुतेक ब्राउझरमध्ये न उघडणारे जुन्या पद्धतीचे सरकारी ई-फॉर्म भरायला. ते फॉर्म जावास्क्रिप्टवर चालतात. म्हणून एक मशीन फॉर्मसाठी नेमा आणि बाकी सगळीकडे जावास्क्रिप्ट बंद करा. कंट्रोल आणि के दाबलं की प्रेफरन्सेस उघडतं, तिथे ‘जावास्क्रिप्ट’ पानावर पहिलीच खूण काढायची. २००७ पासूनच्या गाजलेल्या कितीतरी हल्ल्यांत जावास्क्रिप्ट होती. काही वेळा चूकच तिच्या एखाद्या फंक्शनमध्ये होती, तर काही वेळा मेमरी हवी तशी मांडून ठेवायला ती वापरली गेली. सोसायटीत कारकुनाने खूण परत लावू नये असं वाटत असेल, तर विंडोजच्या रजिस्ट्रीच्या (सेटिंग साठवायच्या नोंदवहीच्या) पॉलिसी शाखेत अ‍ॅडोबीची ‘फीचर लॉकडाउन’ नावाची जागा आहे, तिथून ती कायमची बंद ठेवता येते.

त्याच प्रेफरन्सेसमध्ये ‘ट्रस्ट मॅनेजर’ पानावर, पीडीएफला जोडलेल्या इतर प्रकारच्या फाइली बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडू द्यायची खूण काढा. मग ‘सिक्युरिटी एन्हान्स्ड’ पान उघडा. प्रोटेक्टेड मोड चालू हवा, अ‍ॅप कंटेनरची खूण असेल तर तीही हवी. खाली ‘प्रिव्हिलेज्ड लोकेशन्स’ची यादी नीट वाचा. कुणीतरी कधीतरी एखादा फॉर्म चालेना म्हणून अख्खा डी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचं फोल्डर तिथे घालून ठेवलेलं असतं. त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलला मग कडक सुरक्षेतून सूट मिळते. यादी रिकामी करा.

याच पानावर ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’चे तीन पर्याय आहेत: बंद, असुरक्षित ठिकाणाहून आलेल्या फाइलींसाठी, आणि सगळ्या फाइलींसाठी. सेंटरवाल्यांचा घोळ मधल्या पर्यायात होतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज ‘ही बाहेरून आली’ अशी खूण करून ठेवतं आणि रीडर तीच खूण बघतो. पण ही खूण डिस्कच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलच्या आड साठवलेली असते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यात तिला जागाच नाही. गिऱ्हाइकाने घरी उतरवलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की खूण पुसली जाते आणि तुमच्या मशीनला ती घरचीच वाटते. झिप सोडवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्येही खूण गळते. सेव्हन-झिपमध्ये ती पुढे नेण्याचा पर्याय २०२२ मध्ये आला आणि तोही आपोआप चालू नसतो. तेव्हा सोसायटीच्या मशीनवर तिसरा पर्याय लावा, सगळ्या फाइलींसाठी. पिवळी पट्टी येईल आणि ती मान्य केल्याशिवाय प्रिंट निघणार नाही. त्रास आहे, पण सोसायटीत दिवसाला किती बाहेरच्या फाइली उघडतात? काउंटरवर ब्राउझर असल्याने तिथे हा त्रास नाही.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती: हिरवी खूण. आधार, उत्पन्नाचा दाखला किंवा इतर सही केलेलं पीडीएफ उघडलं की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. गिऱ्हाइकाला हिरवी बरोबरची खूण हवी असते, कारण ऑफिसात तशी मागतात. मग सेंटरमध्ये ठरलेली कृती होते: सहीवर उजवं बटण, सिग्नेचर प्रॉपर्टीज, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट, ‘ट्रस्ट’ टॅब, विश्वासू यादीत घाला, ओके. हिरवं झालं, प्रिंट काढली. यात दोन चुका होतात.

पहिली चूक: विश्वास कशावर ठेवला? फाइलमध्येच आलेल्या सर्टिफिकेटवर. कुणीही घरी बसून हव्या त्या अधिकाऱ्याच्या नावाचं सर्टिफिकेट बनवू शकतो आणि त्याने सही करू शकतो. त्यावरही आधी प्रश्नचिन्हच येईल आणि याच कृतीने तेही हिरवं होईल. म्हणजे तपासणी झालीच नाही, तुम्हीच रंग दिला. बरोबर पद्धत अशी: भारतात सगळ्या कायदेशीर डिजिटल सह्यांचं मूळ, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेल्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज यांच्या रूट सर्टिफिकेटपाशी जातं. ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरून एकदाच उतरवा, तिथे छापलेला ठसा (सर्टिफिकेटची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ) आणि उतरवलेल्या सर्टिफिकेटचा ठसा अक्षर न अक्षर जुळवा आणि फक्त तेवढंच रीडरच्या यादीत घाला. मग त्या मुळापासून निघालेली खरी सही आपोआप हिरवी होते आणि खोटी पिवळीच राहते. आजवर यादीत घातलेली सुटी सर्टिफिकेटं प्रेफरन्सेसमध्ये ‘सिग्नेचर्स’ पानावरून काढून टाका.

दुसरी चूक त्याच्याहून गंभीर आहे. विश्वासू यादीत घालताना एक चौकट येते आणि त्यात चार-पाच खुणा असतात. वरची ‘हे सर्टिफिकेट विश्वासाचं मूळ धरा’, आणि तिच्याखाली ‘डायनॅमिक कंटेंट’, ‘एम्बेडेड हाय प्रिव्हिलेज जावास्क्रिप्ट’ आणि ‘प्रिव्हिलेज्ड सिस्टीम ऑपरेशन्स’. इंग्रजी वाचायला वेळ नसतो, म्हणून सगळ्यावर टिक करून ओके. सही हिरवी व्हायला फक्त वरची खूण लागते. खालच्या खुणांचा अर्थ असा, की या सर्टिफिकेटने प्रमाणित केलेल्या कुठल्याही पीडीएफमधल्या जावास्क्रिप्टला खास अधिकार द्या, तिला नेटवर्क, छपाई आणि फाइलींपर्यंत जाऊ द्या. इतकी मेहनत घेऊन लावलेलं कुलूप या चौकटीत आपणच उघडून देतो. खालच्या सगळ्या खुणा रिकाम्या ठेवा आणि काउंटरवरच्या पोरांना ती चौकट एकदा प्रत्यक्ष दाखवा.

शिवाय हिरवी खूण म्हणजे मजकूर बदललाच नाही अशी खात्रीही नव्हे. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी संगणकावरचे २२ रीडर तपासले, त्यातल्या २१ मध्ये सही शाबूत दाखवून मजकूर बदलता येत होता. त्या चुका नंतर दुरुस्त झाल्या, पण जुन्या आवृत्तीत त्या आहेतच. कर्जाच्या फाइलीला लावलेला दाखला तपासायचा असेल तर नाडकचेरीच्या (कर्नाटकात दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर दाखल्यावरचा आरडी नंबर घालून बघा, आधार असेल तर क्यूआर कोड आधारच्या अ‍ॅपने स्कॅन करा.

आपल्या भागाची म्हणून एक अडचण आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे मराठी घरात सरकारी कागद येतो तो कन्नडमध्ये, आणि रीडरचा इशारा येतो इंग्रजीत. ज्याला दोन्ही नीट वाचता येत नाही, तो साहजिकच ‘काहीतरी महत्त्वाचं असेल’ म्हणून जे बटण दिसेल ते दाबतो. हल्लेखोराला एवढंच हवं असतं: धुरकट केलेलं कन्नड पान आणि मधोमध ‘डॉक्युमेंट बघा’ असं बटण. सेंटरमध्ये पाटी लावा आणि पोरांनाही सांगा, की खरा उतारा, खरी नोटीस, खरं हेस्कॉमचं वीजबिल धुरकट नसतं आणि बघण्यासाठी काहीही दाबायला लावत नाही. कन्नड वाचता येणाऱ्याला दाखवा, नाहीतर खात्याच्या साइटवर नंबर घालून तोच कागद पुन्हा काढा. इशाऱ्याच्या चौकटीत जे बटण आधीच निवडलेलं आहे ते सुरक्षित असेल असंही समजू नका. २०२४ मध्ये फॉक्सिटच्या बाबतीत हेच दिसून आलं, इशाऱ्यात आधीच निवडलेला पर्याय धोक्याचा होता आणि लोक सवयीने एंटर मारत होते.

नावाने फसवणं हा जुना प्रकार अजून चालतो. विंडोज ओळखीच्या फाइलींचा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे ‘उतारा.पीडीएफ.ईएक्सई’ हे नुसतं ‘उतारा.पीडीएफ’ दिसतं आणि चित्रही पीडीएफचं लावलेलं असतं. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. विनरार वापरत असाल तर ६.२३ किंवा पुढची आवृत्ती हवी. त्याआधीच्यांत झिपमधलं साधं पीडीएफ दाबलं तर त्याच नावाच्या फोल्डरमधला प्रोग्रॅम चालू होत होता, सीव्हीई-२०२३-३८८३१. मोबाइलवर आरटीओच्या दंडाची पावती म्हणून येणारी फाइल बहुधा एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, असते. पावती बघायला अ‍ॅप बसवायची गरज कधीच नसते.

एक्सप्लोररमधला प्रिव्ह्यू पेन अल्ट आणि पी दाबून बंद करा. वर २००९ चं उदाहरण दिलं आहेच. मार्च २०२० मध्ये विंडोजच्या फॉन्ट वाचकात चूक सापडली तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही तात्पुरता उपाय म्हणून हेच सांगितलं होतं.

लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डीटीपी करत असाल तर घोस्टस्क्रिप्ट हा पडद्याआड पीडीएफ आणि ईपीएस वाचणारा प्रोग्रॅमही बघा. क्यूटपीडीएफसारख्या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर तो येतो, मेनूत कुठे दिसत नाही आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. बाहेरून आलेली ईपीएस फाइल त्याच्या हातून जाते. ईपीएस म्हणजे सरळ प्रोग्रॅमच असतो. २०२३ आणि २०२४ मध्ये त्यात फाइलमधून आज्ञा चालवता येतील अशा चुका सापडल्या. १०.०३.१ च्या आधीची आवृत्ती असेल तर बदला.

काही समज बाजूला करतो. ‘संशयास्पद फाइल उघडून प्रिंट-टू-पीडीएफ केली की साफ होते’ हे अर्धंच खरं आहे. नवी फाइल साफ असेल, पण जी उघडताना धोका होता ती तुमच्याच मशीनवर उघडली गेली. हेच काम डेंजरझोन नावाचा मोफत प्रोग्रॅम नीट करतो. तो फाइल वेगळ्या कप्प्यात उघडतो, पानांची चित्रं करतो आणि चित्रांचं नवं पीडीएफ देतो. ‘पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षित’ हे उलटं आहे. पासवर्डच्या आतलं मेलवरच्या स्कॅनरला दिसतच नाही. आणि अँटिव्हायरस हवाच, पण पीडीएफमधले भाग दाबून, एकात एक गुंडाळून ठेवता येतात, म्हणून त्याच्या ‘काही सापडलं नाही’वर पूर्ण भिस्त ठेवू नका. तपासायला फाइल व्हायरसटोटलवर चढवत असाल तर थांबा. चढवलेली फाइल तिथल्या सभासद कंपन्यांना उतरवता येते. सभासदाचं आधार किंवा कर्जाचा कागद तिथे टाकणं चुकीचं आहे. फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून तेवढाच शोधा.

स्वतः आत बघायचं असेल तर पायथॉनमधलं पीडीएफआयडी वापरा. ते फाइल रंगवत नाही, फक्त कुठल्या सूचना किती वेळा आल्या ते मोजतं. साध्या उताऱ्यात जावास्क्रिप्ट, लाँच (प्रोग्रॅम सुरू करायची सूचना) आणि एम्बेडेड फाइल यांच्यासमोर शून्य हवं. ओपन-अ‍ॅक्शन (फाइल उघडताच करायची कृती) एक असेल तर घाबरू नका, ‘पहिलं पान उघडा’ एवढंही त्यात असतं. पण ओपन-अ‍ॅक्शन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही असतील तर फाइल बाजूला ठेवा. ऑब्जेक्ट-स्ट्रीमचा (दाबून गुंडाळलेल्या भागांचा) आकडा मोठा असेल तर बाकीची शून्यं खरी धरू नका, सूचना त्या गुंडाळीत असू शकतात. क्यूपीडीएफ नावाच्या प्रोग्रॅमने गुंडाळी सोडवून पुन्हा मोजा. आणि सगळीकडे शून्य आलं तरी चित्रातली किंवा फॉन्टमधली चूक यात दिसत नाही.

मांडणी अशी ठेवा. काउंटरवरचं एक मशीन बाहेरच्या फाइलींसाठी, त्यावर अ‍ॅडमिन नसलेलं खातं, बँकिंग नाही, सोसायटीच्या नेटवर्कशी जोडणी नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि पेन ड्राइव्ह फक्त तिथेच. सोसायटीच्या राउटरवर बाहेर जाणारं ४४५ पोर्ट (विंडोजची फाइल-शेअरिंगची वाट) बंद करा. २०१८ मध्ये दिसलं, की पीडीएफमध्ये दूरच्या सर्व्हरचा पत्ता घातला तर विंडोज त्याच्याकडे लॉगिनच्या पासवर्डचा ठसा आपणहून पाठवतं. हे पोर्ट बंद असलं की तो नेहमीच्या वाटेने बाहेर जात नाही.

शेवटी, घडलंच तर. रीडर क्षणभर बंद होऊन आपोआप परत उघडला आणि आता साधंच पान दिसतंय, ही जुनी ओळखीची खूण आहे. हल्ला झाल्यावर संशय येऊ नये म्हणून खरं दिसणारं पान पुढे ठेवतात. टास्क मॅनेजरमध्ये रीडरच्या खाली कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल चालू दिसलं तरी तेच समजा. नेटवर्कची वायर लगेच काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. वेळ, फाइलचं नाव आणि ती कुणाकडून कशी आली हे कागदावर लिहा. फाइल पुसू नका. त्या मशीनवर वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, मेल आणि बँक आधी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा, उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यात सरकतात. तक्रार जिल्ह्याच्या सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात द्या. सोसायटीच्या मशीनवर झालं असेल तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेलाही कळल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, म्हणून त्यांचा मेल पत्ता आणि फोन आजच मॅनेजरच्या टेबलावर लिहून ठेवा. त्यानंतर मशीन साफ करत बसू नका. पुराव्याची प्रत निघाली की डिस्क पूर्ण फॉरमॅट करून विंडोज नव्याने घाला आणि डेटा घटनेच्या आधीच्या बॅकअपमधूनच परत आणा.